ह्यात म्याडमचं काय?

माळवस्तीवरच्या म्हस्कू शिंगाड्याच्या हातात कुणी फुकट काही ठेवलं, तर तो ते घ्यायचा नाही आणि परतही करायचा नाही. आधी देणाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसायचा. समोरचा अवघडून जायचा. मग म्हस्कू विचारायचा, "ह्यात तुमचं काय?"

जाफराबादहून जीप पकडली की कपाशीची रानं संपतात आणि खडकाळ माळ लागतो. त्या माळावर धनगरांची ही वस्ती. म्हस्कूच्या बापानं मेंढ्यांमागं अर्धा मराठवाडा तुडवला होता. म्हस्कूनं मात्र थोडी जमीन धरली, कापूस लावला, कळप लहान केला आणि घरी राहिला. हिंडणं सुटलं तरी हिंडणाऱ्या माणसाची खोड काही सुटली नाही. परक्या शिवारात जो आधी गोड बोलतो तोच मागाहून मेंढरं कोंडवाड्यात घालतो, हे त्यानं बापाच्या पाठीवर बसून पाहिलं होतं.

एका साली जंतांचं औषध घेऊन एक जण मोटारसायकलवर आला. सरकारी आहे, अर्ध्या दामात देतो म्हणाला. वस्तीनं घेतलं, मेंढ्यांना पाजलं. म्हस्कूनंही घेतलं, पण पाजलं एकाच म्हाताऱ्या मेंढीला. बाकीच्या कळपाजवळ बाटली फिरकू दिली नाही. "लई शाना," म्हणून लोक हसले. दुसऱ्या दिवशी ती म्हातारी मेली, आणि शेजारच्या वाड्यांतून मेंढरं तोंडाला फेस येऊन पडायला लागली. त्या दिवसापासून म्हस्कूला हसणारे कमी झाले, आणि म्हस्कूचा स्वतःच्या संशयावरचा भरवसा मात्र पक्का झाला.

त्याचा हिशेब साधा होता. माणूस आपल्यासाठी काही करत असला की त्याला त्याचं काय मिळतं ते शोधायचं. ते सापडलं की भीती संपली, मग त्याच्याशी बराबर वागता येतं. सापडलं नाही तर मात्र जिवाला घोर लागतो.

बेबीनंदा हिवाळे मॅडमच्या बाबतीत दीड वर्ष त्याला ते सापडलं नव्हतं.

माळाच्या कडेला जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. शिकवायला एक सर आणि या मॅडम. मॅडम जाफराबादहून जीपनं यायच्या. त्यांच्या वर्गात म्हस्कूची छकुली होती. घरात छकुलीचं तोंड बंद नसायचं आणि शाळेत ते उघडायचं नाही. सुटं अक्षर ती ओळखायची, पण दोन अक्षरं शेजारी बसली की तिची जीभ अडायची. पोरं हसायची, म्हणून तिनं वाचायचंच सोडून दिलं होतं.

मॅडम आल्या त्या साली, शाळा सुटल्यावर एक दिवस त्या सरळ वस्तीवर आल्या. म्हस्कूच्या दारात बसल्या आणि छकुलीला जवळ बोलावलं. म्हस्कूच्या बायकोनं, कडूबाईनं, पाणी द्यायला त्या दिवशी जरा वेळ लावला. कोणतं भांडं द्यावं हे तिचं ठरत नव्हतं. मॅडमनी ते ओळखलं. त्या काही बोलल्या नाहीत, पोरीला अक्षरं दाखवत राहिल्या. पुढं त्या येतच राहिल्या, आणि दोन-तीन महिन्यांत कडूबाई त्यांच्यासाठी चुलीवरची पहिली भाकरी ठेवायला लागली. त्या आधीच्या गोष्टीबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत.

म्हस्कू ओट्याच्या टोकाला बसून ऐकायचा. मॅडम गेल्या की बायकोला विचारायचा, "पालिशीचं काई बोलली का?"

"न्हाई."

"भिशीचं? बचत गटाचं?"

"न्हाई वो."

"मंग एवढा येळ काय बोलून राह्यली व्हती?"

"काना आन् मात्रा," कडूबाई म्हणायची आणि आत निघून जायची.

त्याला ते पटत नव्हतं. शाळेत शिकवायचा पगार मिळतो हे ठीक. पण शाळा सुटल्यावर पायाला माती लावत वस्तीवर यायचे पैसे कोण देतं? आज ना उद्या ही बाई पिशवीतून काहीतरी काढील आणि अंगठा मागील, याची तो वाट पाहत राहिला. मॅडमच्या पिशवीतून निघायचे ते पुठ्ठ्याचे तुकडे, त्यांवर घर, गवत, मगर असले शब्द.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात, चतुर्थीला म्हस्कू राजूरच्या गणपतीला गेला. दर्शन घेऊन चहाच्या गाड्यावर आला तर तिथं सुग्रीव भेटला. जीप थांबते त्या फाट्यावर सुग्रीवचं किराणा दुकान होतं, आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीचा तो अध्यक्ष होता. चहा सुग्रीवनंच सांगितला. तिथंच म्हस्कूचे कान टवकारले.

"म्हस्कू, तुझी पोरगी वाचायला लागली का रं?"

"लागंल. काहून?"

"लागाय पायजे. म्याडमचा बोनस है त्याच्यावर."

मग सुग्रीवनं सगळं सांगितलं. बाहेरची एक संस्था जिल्ह्यात प्रयोग करत होती. काही शाळा निवडल्या होत्या, त्यांत माळवस्तीची आली होती. सालाच्या सुरुवातीला पोरांची वाचनाची परीक्षा झाली होती, उन्हाळ्याच्या तोंडाला पुन्हा होणार होती. ज्या वर्गाची पोरं ठरलेल्यापेक्षा जास्त पुढं सरकतील, त्या वर्गाच्या गुरुजीला पगारावर जादा पैसे.

म्हस्कूनं कप खाली ठेवला. दीड वर्ष शोधत होता ते सापडलं होतं. खरं तर त्याला हलकं वाटायला पाहिजे होतं, पण वाटलं नाही. मॅडम दारात बसून छकुलीच्या केसांतली कुसळं काढताना त्यानं पाहिलं होतं. ते त्याच्या डोळ्यांपुढं आलं, आणि आता ते वेगळंच दिसायला लागलं. बाजाराच्या आदल्या दिवशी आपण बोकडाला जसं घासूनपुसून ठेवतो, तसं.

पण म्हस्कू तो म्हस्कूच. त्यानं सुग्रीवकडं पाहिलं. "आन् हे तू मला काहून सांगून राह्यला? ह्यात तुझं काय?"

"घ्या! चांगलं सांगावं तर..." सुग्रीव उठून गेला. चहाचे पैसे मात्र म्हस्कूनंच दिले. उगाच कुणाच्या उपकारात नको.

दुसऱ्या दिवशी मॅडम वस्तीवर आल्या तेव्हा तो ओट्यावर उभाच होता.

"म्याडम, एक इचारतो. खरं सांगा. माझी पोरगी वाचली तर तुमाला पैसे भेटतेत?"

कडूबाई आतून बाहेर आली. छकुली पुठ्ठ्याचे तुकडे हातात धरून तशीच राहिली. मॅडमनी मान खाली घातली नाही.

"हो, म्हस्कूभाऊ. सगळ्या वर्गाचं बघतात, एकट्या छकुलीचं नाही. पण मिळतात."

"मंग आंदी काहून न्हाई सांगितलं?"

"लाज वाटली," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या दारात बसून भाकरी खायची आणि हे सांगायचं, जमलं नाही मला. पण गेल्या सालीही मी येतच होते ना? तेव्हा कुठं होती ही योजना?"

म्हस्कूनं त्यावरही विचार करून ठेवला होता. "योजना येनार हे तुमाला आंदीच कळालं आसंल. सायेब लोकायला कळतं."

मॅडमनी पिशवी उचलली आणि जीप गाठायला निघून गेल्या.

गोष्ट एवढ्यावर राहिली असती, पण पालकांच्या बैठकीत म्हस्कू उभा राहिला. तो कधी बैठकीला जायचा नाही, त्या दिवशी मुद्दाम गेला. म्हणाला, "लेकरू माझं. सकाळी उठवून, खाऊ घालून शाळंत धाडतो मी. वाचनार ते. मंग पैसा निस्ता म्याडमला कसा? मेंढरं माझी, लोकर माझी. कातरनाऱ्याला मजुरी देतो आपुन, पर लोकर त्याची व्हत न्हाई."

पालकांत कुजबूज सुरू झाली. कुणाला ते पटलं, कुणाला गंमत वाटली. एकानं तर आपल्या पोराचा वाटा किती होईल असं विचारलंच. सुग्रीव गालातल्या गालात हसत होता. सर खिडकीबाहेर बघत होते. मॅडम उठल्या.

"मेंढीला लोकर आपोआप येते, म्हस्कूभाऊ," त्या म्हणाल्या. "वाचणं आपोआप आलं असतं तर वस्तीतल्या सगळ्यांनाच आलं असतं."

ते वाक्य म्हस्कूला लागलं. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं.

त्यानंतर मॅडमनी वस्तीवर येणं बंद केलं. म्हस्कू घरात म्हणाला, "पाहा. पोल खुलली का येनं बंद."

कडूबाईनं हातातलं पीठ परातीत आपटलं. "आली तरी तुमाला वंगाळ, न्हाई आली तरी वंगाळ. त्या बाईनं करावं तरी काय? कुठं जाऊन उभं ऱ्हावं तिनं?"

छकुली दोन दिवस बापाशी बोलली नाही. मॅडमचे पुठ्ठ्याचे तुकडे घरीच राहिले होते. ते ती एकटीच मांडायची, आणि म्हस्कू जवळ आला की गोळा करायची.

पण संशय एकदा कामाला लागला की तो मालकालाही स्वस्थ बसू देत नाही. म्हस्कू आता मेंढ्या शाळेमागच्या पडीकात चारायला लागला. तिथं गवत काही धड नव्हतं. तिथून वर्गाची खिडकी दिसायची, एवढंच. काठीवर हनुवटी टेकून तो तासन् तास बघायचा. मॅडम पोरांना मारतात का, काही घोकून घेतात का, परीक्षेतलं आधीच सांगतात का. तसलं काही दिसलं नाही. दिसलं ते वेगळंच. थंडी सरत आली तशी मॅडमनी काही पोरं उचलून पुढं बसवली. रोज त्यांनाच वाचायला लावायच्या, त्यांच्याच शेजारी बसायच्या. आणि छकुली गेली मागच्या भिंतीला. ती दिवसभर पाटीवर काहीतरी गिरवत बसलेली असायची.

म्हस्कूच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या पोरीच्या जिवावर पैसा मिळवते, याचा आधी राग होता. आता तिच्यातून पैसा मिळणार नाही म्हणून ती मागं पडली, याचा राग आला. पहिल्यापेक्षा हा दुसरा राग त्याला जास्त जाळत होता, आणि असं का, ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

शाळा सुटली, पोरं गेली, सर मोटारसायकलवर गेले. मॅडम खोलीला कुलूप लावत होत्या. म्हस्कू मेंढरं सोडून तसाच दारात आला.

"पोरगी मांगं काहून बसवली?"

मॅडमनी किल्ली काढली. पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही पडीकातून बघता ते मला माहीत आहे."

"मी इचारलं त्याचं सांगा."

"काही मुलं काठावर असतात. जरासा धक्का दिला की परीक्षेपर्यंत वरच्या पायरीवर जातात. ती पुढं बसवली. छकुली काठावर नाही. ती वाचेल, पण यंदा नाही, असं मी मनात धरलं. एकदा वाटतं, आकड्यासाठीच केलं मी हे. एकदा वाटतं, तुमचा राग आल्ता, तो पोरीवर काढला. आणि कधी वाटतं, तिला जवळ घेतलं तर तुम्ही पुन्हा पैशाचं म्हणाल, म्हणून लांब ठेवलं. खरं कोणतं, ते मलाच कळून नाही राह्यलं, भाऊ. आधी असं नव्हतं होत. पोराकडं पाहिलं की पोरगंच दिसायचं. आता आधी आकडा दिसतो. माझ्याच मनात चोर शिरलाय, आणि तो कधी शिरला ते मी पाहिलं नाही."

म्हस्कू उभाच राहिला. व्यापारी, दलाल, डॉक्टर, पुढारी, औषधवाले, किती तरी लोकांना त्यानं आजवर तोंडावर विचारलं होतं. कुणी शपथा घेतल्या होत्या, कुणी अंगावर धावून आले होते. सगळ्यांचं एकच म्हणणं, मी तसला माणूस नाही. आपण कदाचित तसलेच असू, असं म्हणणारं माणूस त्याला पहिल्यांदा भेटलं होतं.

तो म्हणाला, "एक करू. परीक्षेच्या दिवशी पोरगी मी मेंढरांमांगं नेतो. तिचा आकडाच नको. मंग तिला तुमी शिकवा. तुमचा चोर बी गप आन् माझा बी."

मॅडम ताडकन उठल्या. त्या असं मोठ्यानं बोललेल्या त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"खबरदार तिला घरी ठेवलं तर! पैसे माझे असतील, परीक्षा तिची आहे. सगळ्यांना बोलावतील आणि तिला नाही, हे तिनं का सोसायचं? तुम्हाला माझी परीक्षा घ्यायची ना, खुशाल घ्या. पोरीला मधी घालू नका. मीही घालणार नाही."

आणि त्या जीपच्या वाटेला लागल्या. म्हस्कूची मेंढरं तोवर सुग्रीवच्या हरभऱ्यात शिरली होती. त्या दिवशी त्याला सुग्रीवचं बरंच ऐकून घ्यावं लागलं, पण त्याचं अर्धं लक्ष त्यात नव्हतं.

घरी येऊन तो कडूबाईला म्हणाला, "चोरी कराची आसती तर लपवली आसती."

"मंग आता तरी पटलं का?"

"पटलं कुठं म्हनलं मी? पाहू."

दुसऱ्या दिवशी खिडकीतून पाहिलं तर वर्गात रांगाच नव्हत्या. पोरं गोल बसली होती, आणि मॅडम मधे मांडी घालून. संध्याकाळी त्या वस्तीवर आल्या. म्हस्कू म्हणाला, "परीक्षा व्हऊ द्या, मंग या." मॅडम म्हणाल्या, "मग पण येईन. आज बसू द्या." कडूबाईनं नवऱ्याला विचारलंच नाही, सतरंजी टाकली.

परीक्षेच्या दिवशी संस्थेची दोन तरुण माणसं आली, एक मुलगा आणि एक मुलगी. हातात मोबाईल घेऊन ती एकेका पोराला व्हरांड्यात बोलवायची. म्हस्कू कुंपणाशी उभा. त्या मुलानं त्याला जायला सांगितलं. म्हस्कू म्हणाला, "माझं लेकरू है. मी काई बोलत न्हाई, पर हालत बी न्हाई."

छकुलीला बोलावलं तेव्हा म्हस्कूची नजर पोरीवर नव्हती, मॅडमवर होती. डोळ्यांनी काही सांगतात का, ओठ हलवतात का. मॅडम वर्गात फळ्याकडं तोंड करून, व्हरांड्याकडं पाठ करून उभ्या होत्या. हातात खडू होता आणि त्या काही लिहीत नव्हत्या.

छकुलीनं शब्द वाचले. मग उतारा आला. पहिल्या ओळीत ती अडली. पुन्हा मागून सुरू केलं, पुन्हा अडली. मोबाईलवाली मुलगी वेळ बघून म्हणाली, "छान बाळा, झालं हं."

"न्हाई झालं," छकुली म्हणाली. "थांबा. वाचून राह्यले ना मी."

ती मुलगी घोटाळली. मोबाईलवर बोट टेकवून तिनं नोंद तर करून टाकली होती. पण छकुली उठली नाही. बोटाखाली एकेक अक्षर धरून तिनं ती ओळ संपवली आणि पुढची धरली. व्हरांड्यात थांबलेली पोरं हसायला लागली होती, ती हळूहळू गप्प झाली. दुसरी ओळ संपली तेव्हा ती स्वतःच उठली आणि नळावर पाणी प्यायला गेली.

फळ्यापाशी मॅडमचे खांदे हलत होते. म्हस्कूनं ते पाहिलं, आणि घरी कुणाला सांगितलं नाही.

निकाल लागला. मॅडमचा वर्ग पुढं सरकला होता, पण ठरवलं होतं तेवढा नाही. जादा पैसे आले नाहीत. ते दुसऱ्या एका शाळेला गेले, आणि तिथं पोरांना उतारा आधीच पाठ करून घेतला होता अशी बातमी सुग्रीवनं दुकानात बसून सगळ्यांना पुरवली. खरी-खोटी देव जाणे. उन्हाळ्यात संस्थेनं प्रयोग गुंडाळला आणि ती दुसऱ्या जिल्ह्यात गेली.

"आता पाह्यजो," सुग्रीव म्हस्कूला म्हणाला. "म्याडम बदली मागती का न्हाई. न्हाई मागली तरी तुझ्या दारात काई येत न्हाई ती आता."

जूनमध्ये शाळा उघडायच्या दिवशी म्हस्कू फाट्यावर जाऊन उभा राहिला. जीप आली. मॅडम उतरल्या, त्याला पाहून थबकल्या.

"म्हस्कूभाऊ, इथं कसे?"

"आसाच. म्याडम, आता कशाचे भेटतेत?"

"पगाराचे. पहिल्यापासून भेटतात तेच."

"जादा काई?"

"काही नाही."

"मंग सांजच्याला...?"

"येणार आहे. छकुलीला सांगा, नवं पुस्तक आणलंय."

"कोनाच्या पैशाचं?"

मॅडम हसल्या नाहीत. "माझ्या," म्हणाल्या. म्हस्कूनं ते पुस्तक मागून घेतलं, उलटं केलं, किंमत कुठं छापलीय ते मॅडमलाच विचारलं. मग दोघं शाळेच्या वाटेनं चालायला लागले, तो चार पावलं मागं, मेंढरं हाकल्यासारखा.

आता म्हस्कू शाळेच्या समितीवर आहे. सुग्रीव अध्यक्ष होता तेव्हा बैठका दुकानात व्हायच्या, आता शाळेत होतात. तालुक्याहून साहेब आला, की म्हस्कू त्याला पाणी देतो आणि मग समोर बसून त्याच्या तोंडाकडं बघतो. परवा कुणी शाळेला फिल्टर भेट द्यायला आलं होतं. म्हस्कूनं त्यांना इतके प्रश्न विचारले की ते फिल्टर ठेवून जवळजवळ पळालेच. पोरांना त्याचं पाणी द्यायच्या आधी तो स्वतः आठवडाभर पीत होता.

छकुली सहावीला गेली. वाचते, पण हळू, आणि अजून ओळीखाली बोट धरते. मॅडमच्या वर्गात तिच्यासारखी दुसरी दोन आहेत, त्यांच्या दारी मॅडम जातात. म्हस्कू त्या घरांतही चौकशी करून येतो.

कडूबाई कधी चिडून म्हणते, "एवढी वर्सं झाली. आता तरी म्हना का ती बाई चांगली है."

म्हस्कू काठी उचलतो, मेंढरांच्या वाड्याचं फाटक उघडतो आणि पाठमोरा म्हणतो, "आजून तरी काई सापडलं न्हाई."